हळदीच्या कुकरातले धोंडे

कुरुंद्याच्या सोनाजीला आयुष्यात दोन गोष्टी झकास जमायच्या. एक हळद पिकवणं आणि दुसरी जेवणाला नावं ठेवणं. हळदीत एखाद्या साली कुणी त्याच्या पुढं जायचं, पण नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वसमत तालुक्यात नव्हता. पाटावर बसायचं, पहिला घास तोंडात घालायचा, एक डोळा मिटायचा, ताट पुढं सरकवायचं आणि म्हणायचं, "मीठ कमी हाय." बायको पार्वतीबाई काही न बोलता मिठाची वाटी आणून ठेवायची. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. एकदा तिनं मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. गडी खोकला, घटाघटा पाणी प्यायला आणि डोळे पुसत म्हणाला, "कमीच हाय." आता अशा माणसाचं काय करावं?

तर ही पार्वतीबाई न्हाणीत पाय घसरून पडली. उजवा हात मनगटात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर आलं. आणि पडली तीसुद्धा कधी, तर ऐन धोंड्याच्या महिन्यात, लेक-जावई जेवायला यायला आठवडा राहिलेला असताना.

धोंड्याचं जेवण म्हणजे आपल्याकडं काही साधी गोष्ट नाही. अधिक महिना आला की जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे. मग जावई ताटावर रुसतो, काहीतरी मागतो आणि सासऱ्यानं ते द्यायचं असतं. मागच्या धोंड्याला सोनाजीनं हे सगळं रीतसर केलं होतं. वर एक गोष्ट जास्तीची केली होती.

जावई हरीश याचं वारंगा फाट्यावर हॉटेल आहे. चहा, भजे, मिसळ, जेवण. लग्न ठरवताना सोनाजीला वाटलेलं, हॉटेल म्हणजे जावई घडीचे कपडे घालून गल्ल्यावर बसत असेल. निघालं भलतंच. पोरगं दिवसभर झारा घेऊन तेलापुढं उभं! मागच्या धोंड्याला भरल्या पंगतीत भावकीतल्या कुणीतरी विचारलं, "जावई काय करतेत?" आणि सोनाजीची जीभ घसरली. घसरली कसली, त्यानं सोडलीच. "पोरगी गडीमानसाला दिली म्हनलं, तर निघाला सैपाकी! बायकांचं काम करून राहिला फाट्यावर." पंगत हसली. हरीश हसला नाही. त्यानं हात धुतला, गाडीला किक मारली आणि त्यानंतर कुरुंद्यात पाय ठेवला नाही. लेक वैष्णवी यायची ती दिवाळीला, एकटी, एका मुक्कामापुरती, आणि तेवढ्यातही घड्याळाकडं बघत बसायची.

लेकीवर सोनाजीचा जीव होता. काहीतरी काम काढून तो वारंग्याला जायचा, हॉटेलासमोरच्या टपरीवर पाठ फिरवून चहा प्यायचा आणि मान वाकडी करकरून बघायचा, पोरगी दिसते का. दिसली की कपात तोंड घालायचा. समोर जाऊन "कशी हायेस गं" एवढं विचारायला जीभ उचलत नव्हती. ती दुसऱ्याला बोलायलाच वळवळायची.

यंदा वैष्णवीनं कसंबसं नवऱ्याला तयार केलं होतं. फोनवर बापाला सरळच म्हणाली, "आबा, या डावाला काही वाकडं झालं, तर ते पुन्हा यायचे न्हाईत. आन् मीबी यायची न्हाई. दोघांच्या मधात लोंबकळून माझा जीव गेला."

आणि अशा वेळी घरात सैपाकाला हात नाही.

शेजारची अनुसयाबाई भली बाई. प्लास्टर बघून म्हणाली, "वैनी, काळजी करू नका. मी अन् माझ्या जावा येतो, धोंडे आमी करू." इथं विषय मिटला असता. पण सोनाजी ओसरीवर मिशीला पीळ देत बसला होता, त्याला राहवलं नाही. "त्यात काय एवढं? बायकांनी उगंच बाऊ करून ठेवलाय. आता मोबाईलवर समदं असतंय. पाहून पाहून मीबी करीन."

आत खाटेवर पार्वतीबाईला लग्नापासूनचं सगळं मीठ एकदम आठवलं असावं. "अनुसयाबाई," ती आतून म्हणाली, "तुमी येऊ नका. कोनीच येऊ नका. ते करतेत म्हनले न्हवं? करू द्या."

"अगं, मी आपलं बोलायला..."

"करा म्हनलं ना!"

दिवस मावळायच्या आत गल्लीतल्या समस्त बायांना निरोप गेला. कुणी मदतीला यायचं सोडाच, सोनाजी पुरणाचं यंत्र मागायला गेला तर अनुसयाबाई म्हणाली, "मोबाईलमदी बगा, असंल तिथं." माघार घ्यावी तर मिशी आडवी येत होती. सोनाजीनं दार लोटून मोबाईल उघडला.

"नमस्कार मैत्रिणींनो!" मोबाईलमधली ताई म्हणाली. सोनाजी दचकला, मागं वळून पाहिलं. "आज आपण करणार आहोत झटपट, सोपे, घरच्या घरी, कुणालाही जमतील असे धोंडे!" 'कुणालाही' ऐकून त्याला धीर आला. पण एकदम धोंड्यांना हात घालावा एवढा काही तो खुळा नव्हता. आधी खिचडी, वरण, भजे असं सोपं सोपं करून हात बसवू, असं त्यानं ठरवलं.

खिचडीला ताई म्हणाली, एक वाटी तांदूळ. कोणती वाटी? घरात चटणीच्या वाटीपासून मोठ्या वाडग्यापर्यंत सगळ्या वाट्याच. सोनाजीनं मधली म्हणून जी उचलली, त्यात शेळीला भरडा देत होते. ताई म्हणाली, हळद अंदाजे. आता हळदीच्या शेतकऱ्याचा अंदाज क्विंटलात असतो. मग ताई म्हणाली, मीठ चवीनुसार. इथं मात्र गडी भडकला. "चवीनुसार म्हंजे किती, बाई? बराबर सांग की!" ताई गोड हसली आणि चिमूट सोडून मोकळी झाली. वरणाच्या दिवशी ओलं बोट मोबाईलच्या काचेला लागलं आणि त्याच ताईची लोणच्याची रेसिपी सुरू झाली. सोनाजीच्या ध्यानात आलं नाही. ती सांगत गेली, हा घालत गेला. मोहरीची डाळ, मेथ्या, बडीशेप, तेल गार करून वरून. तुरीच्या डाळीचं लोणचं मराठवाड्यात पहिल्यांदा त्या दिवशी घातलं गेलं.

पार्वतीबाईनं डाव्या हातानं एक घास घेतला. एक डोळा मिटला. ताट पुढं सरकवलं. "मीठ कमी हाय."

"सकाळधरनं राबून राहिलो मी!" सोनाजी उसळला. "तुला काय, खाटेवर बसून नावं ठेवायला!"

"व्हय का?" पार्वतीबाई म्हणाली आणि कुशीवर वळली.

आठवडाभरात मात्र भजे खाण्याजोगे व्हायला लागले. ताईशी तर त्याचं बोलणंच सुरू झालं. "ताई म्हनली, पुरण सैल ठेवायचं न्हाई," तो शेजाऱ्याला, नरसिंगला सांगायचा.

"कोन ताई?"

"हाय एक पुण्याची. रोज सकाळी बोलनं होतंय."

नरसिंगनं त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

जेवणाचा दिवस उजाडला. सोनाजीनं शहाणपणा करून त्याच भावकीला बोलावणं धाडलं होतं, ज्यांच्यापुढं जावई उठून गेला होता. आला, बघा, माझा जावई परत आला, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे धोंडे आता पंगतभर लागणार. पार्वतीबाई अनुसयाबाईला घेऊन प्लास्टर दाखवायला वसमतला गेलेली. ती घरी असती तर पुढचं घडलं नसतं, पण नव्हती, त्याला काय करता?

पुरण जमलं. खरं सांगायचं तर चांगलं जमलं. सोनाजीनं बोटानं चाखलं आणि त्याचा त्यालाच विश्वास बसेना. पारी लाटली, पुरण भरलं, गोळे वळले, परातीमागून परात भरली. आता वाफवायचे. ताईचा स्टीमर तळहाताएवढा. त्यात एवढे धोंडे वाफवायचे म्हटलं तर दिवाळी आली असती. पण ताईनंच वाट दाखवली. "स्टीमर नसेल तर अजिबात काळजी करू नका, मैत्रिणींनो! घरात वाफ देणारं जे काही असेल, ते चालेल!"

सोनाजीनं दारातून बाहेर पाहिलं. अंगणात लिंबाखाली हळद शिजवायचा कुकर उभा होता. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला माणूस उभा मावेल असा पत्र्याचा ड्रम. हंगामभर त्यानं गावाची हळद वाफेवर शिजवली होती. वाफ देणारं याच्याहून मोठं भांडं ताईच्या बापानंही पाहिलं नसेल.

"सोनाजी," फाटकातून आत येत नरसिंग म्हणाला, "ह्याच्यात हळद शिजते."

"वाफच न्हवं का? वाफेला काय रंग असतो का? धुऊन घेऊ."

धुतला. मोटारीचा पाइप लावून आतबाहेर धुतला. पण हंगामभराची हळद पत्र्याच्या सांध्यात आणि वाफेच्या नळ्यांत घट्ट बसलेली, ती पाण्यानं थोडीच जाते? ती वाफेची वाट बघत होती. दोघांनी ओलं धोतर अंथरून धोंडे रचले, झाकण आवळलं, खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. कुकर असा फुसफुसला की खुंटीची शेळी दावं तोडून पळाली.

झाकण उघडलं. वाफ निवळली. आत धोंडे होते, फुगलेले, गोल, एकही फुटला नव्हता. आणि सगळे जेजुरीच्या भंडाऱ्यात लोळवल्यासारखे पिवळे धमक. सोनाजीनं एक मोडून तोंडात घातला. आत गोड पुरण आणि बाहेर असला कडूजहर तुरटपणा की कान हलले.

नरसिंगनं वाकून पाहिलं. "रंग तर बेस आलाय," तो म्हणाला.

सोनाजी मटकन खाली बसला. धोंडे गेले ते गेले, पोरगीही गेली, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. त्याला रडू यायला लागलं आणि तेवढ्यात फाटकापुढं मोटारसायकल थांबली.

हरीशनं उतरताच नाक वर करून वास घेतला. "मामा, या दिवसांत हळद शिजवून राहिले का?"

सोनाजी उठला. डोक्याला टॉवेल, मिशीत कणीक, हात कोपरापर्यंत पिवळे. "हळद न्हाई, जावईबापू," तो म्हणाला. "धोंडे."

"कोनी केले?"

"त्यांनीच," नरसिंग मधे बोलला. "ताईनं सांगितलं तसे."

"कोन ताई?" वैष्णवीनं डोळे मोठे केले.

पार्वतीबाई परत आली ती भावकीच्या बरोबरच. तिनं कुकर पाहिला, धोंडे पाहिले, नवऱ्याकडं पाहिलं. "हळदीच्या कुकरात?" एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. दुसरं काही शिजवायला आता वेळ नव्हता.

हरीश पाटावर बसला. सोनाजीनं त्याचे पाय धुतले, तर जावयाचे पायही पिवळे झाले. पंगत तोंडावर हात धरून बसलेली. ताटात धोंडा आला, वर तुपाची धार आली. हरीशनं मोडला, घास घेतला. चावला. थांबला. पुन्हा चावला. मग त्यानं ताट पुढं सरकवलं.

"मी जेवत न्हाई," तो म्हणाला.

वैष्णवी खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. "जावईबापू," सोनाजी घाईघाईनं खिसा चाचपत म्हणाला, "रुसू नका. अंगठी आनली हाय."

"अंगठी नको."

"मग काय मागता ते मागा. न्हाई म्हननार न्हाई. पोरीची शपथ."

हरीशनं पंगतीवरून नजर फिरवली. मागच्या वेळी हसलेली सगळी तोंडं तिथंच होती. "रविवारी वारंग्याला या," तो म्हणाला. "सकाळपासून भट्टीपुढं उभं राहायचं. भजे तुमी तळायचे. मी घडीचे कपडे घालून गल्ल्यावर बसतो."

पंगत जी फुटली, ती हसून हसून आडवी झाली. सोनाजीला राग आला. आला म्हणजे मिशीच्या टोकापर्यंत आला, नेहमीसारखा. काहीतरी जहरी बोलायला तोंड उघडलंही. पण समोर लेक मान वर करून बघत होती, आणि आपले हात कोपरापर्यंत पिवळे होते. असल्या हातांनी कुणाला सैपाकी म्हणणार?

"येतो," तो म्हणाला. "काहून न्हाई? येतो ना."

हरीशनं ताट ओढून घेतलं आणि तो कडू धोंडा अख्खा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्ला. "पुरण झकास हाय, मामा," तो म्हणाला. "मी पयल्या दिवशी तळलेले भजे कुत्र्यानंबी हुंगले न्हवते." सोनाजीनं टॉवेलानं तोंड पुसलं. तोंडही पिवळं झालं.

रविवारी कुरुंद्याची निम्मी भावकी वारंगा फाट्यावर उतरली. देवदर्शनालाही हे लोक कधी इतक्या वेळेवर निघाले नव्हते. हरीश इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर, वैष्णवी त्याच्या शेजारी. पार्वतीबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पंख्याखालच्या बाकावर. आणि भट्टीपुढं सोनाजी. वर ऊन, खाली तेल. घाम मिशीवरून ओघळत होता, तेलाचे थेंब हातावर उडत होते, पाय भरून आले होते. भावकीवाले मुद्दाम प्लेटीवर प्लेटी मागवत होते आणि "सैपाकी, गरम आन!" म्हणून ओरडत होते. सोनाजी दात आवळून तळत होता. पण भजे चांगले होत होते. खुसखुशीत, लालसर. एक घाणा तर इतका सुरेख उतरला की त्यानं क्षणभर त्याच्याकडं नुसतं पाहिलं. आपल्या हातानं झालेल्या त्या भज्यांवर त्याचा जीव जडला. त्यानं तीच प्लेट ट्रक थांबवून आलेल्या धर्मसिंग नावाच्या ड्रायव्हरपुढं स्वतः नेऊन ठेवली आणि तिथंच उभा राहिला.

धर्मसिंगनं एक भजं तोंडात टाकलं. चावलं. प्लेट जराशी पुढं सरकवली.

"चाचा, नमक कम है."

झालं! सोनाजीचा भडका उडाला. "कम? सबेरे से खडा हूं मैं इस आग के सामने! हात भाजे, पाय सुजे, और तू आरामसे बैठके एक घास खाता और बोलता नमक कम? कबी खुद करके देखा क्या? करनेवाले को कितनी तकलीफ..."

आणि मधेच तो थांबला. सोनाजीनं हळूच मान वळवली. बाकावरून पार्वतीबाई त्याच्याकडं बघत होती. हे सगळं बोलणं तिचं होतं. लग्नापासून तिनं ते तोंडाबाहेर काढलं नव्हतं, एवढंच.

"आवो," ती शांतपणे म्हणाली, "मीठ द्या की त्याला. त्यात काय एवढं?"

सोनाजीनं भट्टीपाशी जाऊन मिठाची वाटी उचलली आणि धर्मसिंगपुढं ठेवली. मग नवा घाणा काढला, त्यातले चांगले चांगले भजे निवडून प्लेटीत घातले, आणि ती प्लेट घेऊन बायकोपुढं जाऊन उभा राहिला. लाज वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

"खा," तो म्हणाला. "अन् खरं सांग."

पार्वतीबाईनं डाव्या हातानं एक भजं उचललं. अख्खी भावकी मान लांब करून बघत होती. तिनं सावकाश चावलं, एक डोळा मिटला.

"मीठ कमीच हाय," ती म्हणाली, आणि प्लेट आपल्याकडं ओढून घेतली.